आधी राबात

नाना ठोंबरे नकार द्यायचे तेव्हा तो नकार आहे हे समोरच्याला कळायला थोडा वेळ लागायचा. आवाज चढायचा नाही, कपाळाला आठी पडायची नाही. खुर्ची जराशी मागे सरकवायचे, भरघोस मिशीवरून एकदा अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "करू की. आधी राबात." ऐकणाऱ्याला वाटायचं, झालं आपलं काम. तो खूश होऊन जागेवर जायचा, चहा मागवायचा, आणि आज काही काम होत नाही हे दुपारपर्यंत त्याच्या लक्षात यायचं.

आमचा कारखाना खालापूरच्या बाजूला, महामार्गापासून थोडा आत. कपडे धुण्याची पावडर आणि भांडी घासायच्या वड्या, असा आमचा माल. कोणत्या गोदामाला कधी किती माल जाणार, त्यासाठी कोणती मशीन चालणार, कच्चा माल कधी मागवायचा, हे सगळं संगणकावरच्या एका भल्यामोठ्या आराखड्यात ठरतं. त्याला सगळे नुसतं 'मॉडेल' म्हणतात. मी विक्रीच्या बाजूची, विक्रीचे अंदाज त्यात भरणारी. नाना त्या मॉडेलचे राखणदार. त्यांच्या पदाचं नाव लांबलचक इंग्रजी होतं, पण ते त्यांनी स्वतः कधी पूर्ण उच्चारलेलं मी ऐकलं नाही.

असं मॉडेल एक नसतं, त्याच्या तीन प्रती असतात. पहिलीत फेरफार करायचे, दुसरीत ते चालवून बघायचे, आणि तिसरी चालू, म्हणजे जिच्यावर कारखाना प्रत्यक्ष चालतो ती. चालू मॉडेलला कुलूप असतं. त्यात आकडे कितीही भरा, पण एखादी ओळ, एखादा रकाना, एखादं सूत्र तिथे बदलता येत नाही. बदल हवा असेल तर तो पहिल्या प्रतीत करायचा, दुसरीत तपासायचा, त्यावर एक खूण उमटवायची आणि मग त्या खुणेसकट चालूमध्ये आणायचा. हे आम्हाला शिकवायला मुंबईहून एक चुणचुणीत मुलगी आली होती. तिने पडद्यावर बाणांची चित्रं दाखवली आणि प्रत्येक प्रतीचं इंग्रजी नाव तीनतीनदा सांगितलं. खोलीत निम्मे लोक जांभया देत होते. तेवढ्यात मागून नाना म्हणाले, "म्हणजे आमचा राबच की गं हा." आणि सगळी खोली एकदम जागी झाली.

नाना पोशीरचे. नेरळच्या पुढचं हे भाताचं गाव. आमच्या भागात भाताचं बी सरळ शेतात टाकत नाहीत. एका कोपऱ्यात पालापाचोळा पसरून जमीन भाजतात. त्या भाजलेल्या जागेला राब म्हणायचं. बी तिथे पेरायचं, रोपं वीतभर झाली की उपटायची आणि मग शेतात नेऊन लावायची. बी सडलं, पाखरांनी खाल्लं, तर जाईल ते राबातलं, शेत शाबूत. तेव्हापासून आमच्या कारखान्यात फेरफारांची प्रत म्हणजे राब, तपासायची ती कडेचं खाचर, म्हणजे भाताचा छोटासा तुकडा, आणि चालू मॉडेल म्हणजे शेत. कंपनीने दिलेली इंग्रजी नावं फक्त मुंबईला पाठवायच्या मेलमध्ये उरली.

आता मी घाईची बाई आहे. मला कुठलीही गोष्ट कालच झालेली हवी असते. नानांशी माझं पहिल्या महिन्यातच वाजलं आणि नंतरही अधूनमधून वाजत राहिलं. मला एक साधा रकाना हवा होता आणि नानांनी तो राब, खाचर करत चौथ्या दिवशी दिला. मी रागाने विचारलं, नाना, लग्नाआधी काकींनाही राबात ठेवलं होतंत का? त्यांनी मिशीवरून अंगठा फिरवला. म्हणाले, "तिच्या बापानं मला ठेवला होता. दोन पावसाळे." मी हसले आणि भांडण तिथेच संपलं. त्यांच्याशी भांडण टिकवणं फार अवघड होतं.

खुणांना नाव द्यावं लागतं. बाकीचे लोक तारीख टाकून मोकळे होत. नानांच्या खुणा मात्र वाचण्यासारख्या असत. 'दिवाळीच्या भेट-पाकिटाची ओळ काढली, गेली बिचारी.' 'माधवीबाईंचा रकाना आला, आता तरी शांतता राहो.' ही माधवीबाई म्हणजे मी. मुंबईच्या एका तपासनिसाने ह्यावर आक्षेप घेतला होता. नानांनी त्याला विचारलं की दहा वर्षांनी कुणी बघितलं तर काय झालं होतं ते तारखेवरून कळेल की ह्याच्यावरून. मला वाटतं, जाताना तपासनिसाने चार खुणा मोठ्याने वाचल्यासुद्धा.

एकदा मोठे साहेब स्वतः फोनवर आले. नाशिकला नवं गोदाम घेतलं होतं, दुसऱ्याच दिवशी तिथे गाडी पाठवायची होती, आणि मॉडेलमध्ये नाशिकची ओळच नव्हती. कुलूप काढा, ओळ घाला, कुलूप लावा, एवढंच तर करायचं होतं. साहेबांचा आवाज फोनमधून आमच्या टेबलांपर्यंत येत होता. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, पाच मिनटांचं काम हाय म्हणूनच भीती वाटते. तासाभराचं काम माणूस विचार करून करतो." मग त्यांनी नाशिकची ओळ राबात घातली, खाचरात चालवली, तर तिथे पुण्याचा निम्मा माल नाशिककडे वळलेला दिसला. नव्या ओळीत प्रवासाचे दिवस भरायचे राहिले होते, त्यामुळे मॉडेलला नाशिक कारखान्याच्या दारातच आहे असं वाटत होतं. ते दुरुस्त करून संध्याकाळच्या बसच्या आधी नानांनी नाशिक शेतात लावलं. साहेबांनी नंतर आभार मानले की नाही मला माहीत नाही. बहुधा नसावेत.

बस म्हणजे कंपनीची बस. ती कर्जतच्या चार फाट्यावरून सुटायची. मी दहिवलीची, चालत यायची. नाना पोशीरहून स्कूटरवर यायचे, एका ओळखीच्या दुकानामागे ती लावायचे आणि बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्याच जागेवर बसायचे. मांडीवर डबा. स्टीलचा, जुना, एका बाजूला चेपलेला. काकींचा डबा म्हणजे भात, आमटी, एक भाजी आणि कोपऱ्यात लोणच्याची फोड. नाना तो इतका स्वच्छ संपवायचे की धुवायची गरज वाटू नये. एक शीत म्हणून राहायचं नाही. कॅन्टीनमध्ये कुणाचा वाढदिवस असो, समोर बिर्याणी असो, नाना आधी डबा संपवणार. मी एकदा म्हटलं, राहू द्या हो एखाद दिवस. तर म्हणाले, "घरी उघडून बघते ती. डबा रिकामा दिसला की तिचा दिवस चांगला जातो." हे सांगताना ते थोडे लाजले होते, आणि त्या वयाचा पुरुष बायकोच्या गोष्टीवरून लाजलेला बघून मला त्यांचा फार लळा लागला.

मग एकदा नाना आठवडाभर आले नाहीत. परत आले तेव्हा बसमध्ये मी शेजारी बसले आणि विचारलं. ते खिडकीबाहेर बघत बोलले. काकी दळण आणायला गिरणीत गेल्या आणि परत आल्याच नाहीत. दुपारी कळंबच्या रस्त्याला एका अनोळखी घराच्या ओट्यावर बसलेल्या सापडल्या. मांडीवर पिठाचा डबा होता आणि ते आपलंच घर आहे असं त्या घरच्या बाईला समजावत होत्या. पनवेलच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि आजाराचं नाव सांगितलं. औषध आहे, पण ते नुसतं वेग कमी करणारं.

"ती विसरायला लागली गं," नाना म्हणाले. "डॉक्टर म्हणला, घरात काय बदलू नका. जे जिथं हाय ते तिथंच ठेवा. मी म्हटलं, डॉक्टर, ते काम मला येतं."

खालापूर आलं तसे डबा सांभाळत ते माझ्याआधी उतरले.

ते रजेवर असताना इकडे एक गोष्ट घडली होती, ती नंतर उघड झाली. संदेश घरत म्हणून आमच्यात एक हुशार माणूस आहे, मोहोपाड्याचा. नानांच्या गैरहजेरीत कुलूप काढायचा अधिकार त्याच्याकडे असायचा. लिंबाच्या वासाची नवी वडी बाजारात आणायची होती, सगळे त्याच्या मागे लागले होते, आणि राब, खाचर, खूण हे सगळं करायला त्याला उसंत नव्हती. त्याने कुलूप काढलं, चालू मॉडेलमध्येच लिंबाची ओळ घातली आणि कुलूप परत लावलं. काहीही बिघडलं नाही. तेच वाईट झालं. गोदामांनी त्या ओळीत मागण्या भरल्या, मी अंदाज भरले, मशीनवाल्यांनी वेळा भरल्या, आणि ओळ चांगली रुळली.

पुढे मॉडेलमध्ये नवं वर्ष लावायची वेळ आली. नानांनी राबात सगळी तयारी केली होती. ती शेतात न्यायला गेले तर मॉडेल घेईना. त्याचं म्हणणं एवढंच, की तुमचं शेत आणि तुमचा राब आता एका जातीचे राहिलेले नाहीत, शेतात असं काहीतरी उगवलंय जे राबातून आलेलं नाही. मार्ग एकच होता. शेत शेवटच्या खुणेपर्यंत मागे न्यायचं. त्या खुणेनंतर घातलेली लिंबाची ओळ पुसली जाणार, आणि ओळीबरोबर तिच्यात भरलेलं सगळं.

संदेशचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आता ह्याचं काही खरं नाही. नानांनी आपली खुर्ची ओढत त्याच्या टेबलापाशी नेली आणि शेजारी बसले. का केलंस, कुणाला विचारून केलंस, ह्यातलं एक अक्षर नाही.

"आदी त्या ओळीतलं सगळं उतरवून घे," ते म्हणाले. "ओळ चुकीची हाय रं, पण त्यात लोकांनी भरलंय ते खरं हाय. ते टाकायचं नाय."

दोघांनी मिळून दिवसभर ते उतरवलं. मग शेत मागे नेलं, लिंबू राबात पेरलं, रीतसर लावलं आणि उतरवलेलं सगळं पुन्हा त्यात भरलं. त्या खुणेचं नाव नानांनी ठेवलं, 'लिंबू घरी परत आलं.' संदेशचं नाव त्यात नव्हतं. संदेश आजही ती खूण कधीमधी उघडून बघतो, हे त्यानेच मला सांगितलंय.

त्याच हिवाळ्यात एका रविवारी नानांनी मला आणि संदेशला पोशीरला जेवायला बोलावलं. घर साधंच. पुढे पडवी, मधे खोली, मागे स्वयंपाकघर, परसात धुण्याची जागा. काकी बारीक अंगाच्या, चपळ, मला 'पोरी' म्हणणाऱ्या. त्या आजारी आहेत हे कुणी सांगितल्याशिवाय कळलं नसतं. भाकऱ्या थापत होत्या, हात मागे न बघता डब्यावर जात होता आणि डबा तिथे असायचा. मी नीट पाहायला लागले तेव्हा कळलं की तो डबा तिथे असावा म्हणून एक माणूस दिवसरात्र खपतोय. मिक्सर जळला तर नानांनी नेरळ, कर्जत, कल्याण पालथं घालून तसाच निळा मिक्सर आणला होता. नवीन वर्षाचं कॅलेंडर त्यांनी जुन्याच्या मागे लावून ठेवलं होतं आणि जुन्याचं एकेक पान कमी करत होते. स्वयंपाकघरातला नळ बदलायचा होता, वरून दाबायचा आणायचा होता. तो त्यांनी आधी परसात बसवला. काकी तिथे रोज पाय धुवायच्या. तिथे त्यांच्या हाताला तो सवयीचा झाला, मग आत आणला. संदेश माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "राब." आम्ही दोघंही हसलो नाही.

मुलगा महेश पनवेलला नोकरीला. तो त्या दिवशी आला होता. त्याच्या मनात आईबाबांना पनवेलच्या फ्लॅटवर न्यायचं होतं, नाहीतर निदान इथे गुळगुळीत फरशी, उंच ओटा, नवं न्हाणीघर करायचं होतं. त्यात त्याचं काही चुकत नव्हतं, आई पडेल ह्याची त्याला काळजी होती. जेवताना विषय निघाला आणि त्याचा आवाज चढला. नाना जेवता जेवता थांबले.

"चालत्या घरात बांधकाम नाय, महेश. तिच्या डोक्यात एक घर हाय आणि हे एक घर हाय. दोन्ही जुळतायत तवर ती चालतेय. एकदा का हे वेगळं झालं, की ती कुठं जाईल सांग. कळंबच्या रस्त्याला."

काकींनी सगळ्यांना आणखी भात वाढला, आणि हे कुणाच्या घराबद्दल चाललंय म्हणून चौकशी केली. नाना म्हणाले, ऑफिसमधल्या एकाच्या. त्या म्हणाल्या, त्याच्या बायकोला विचारलं का त्याने?

असं वर्ष गेलं, त्याच्यावरही थोडं गेलं. काकी मुलाला कधी दीर म्हणायच्या, सुनेला नावाने ओळखायच्या नाहीत. पण घरात त्या चालत्या होत्या, आणि संध्याकाळी स्कूटर थांबली की दारात यायच्या, डबा हातातून घ्यायच्या, उघडून बघायच्या. नाना बसमध्ये कधी काकींची तक्रार करायचे नाहीत. फक्त एवढंच सांगायचे, काल ओळखलं. आज ओळखलं. तेवढ्यासाठी त्यांचं सगळं चाललं होतं, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं की मला माहीत आहे.

मग त्यांच्या गालाच्या आत जखम झाली, ती भरेना. तपासणीचा निकाल आला तेव्हा ते निवृत्तीला आले होते. वरचा ओठ, गाल, जबड्याचा तुकडा, एवढं काढायचं आणि मांडीची कातडी तिथे लावायची, असं ठरलं. डॉक्टरांनी सगळं समजावलं आणि काही विचारायचं आहे का म्हणाले. नानांनी विचारलं, मिशी राहील का. डॉक्टरांना वाटलं माणूस घाबरून चेष्टा करतोय. महेशने मला हे सांगितलं तेव्हा त्याला रडू आवरत नव्हतं. कारण त्याला तेव्हा कळलं होतं की बाबा मरणाला घाबरलेले नाहीत, ते दुसऱ्याच गोष्टीला घाबरलेत.

ऑपरेशनच्या आधी शेवटचे काही दिवस ते कामावर आले. मिशी बारीक झालेली दिसली. दर दोन दिवसांनी थोडी थोडी कातरत होते, काकींच्या डोळ्यांना सवय व्हावी म्हणून. बसमध्ये मी त्या मिशीकडे बघितलं आणि त्यांना ते समजलं.

"मिशीचं जमेल एक वेळ," ते म्हणाले. "पण तोंड कुठं आदी दुसरीकडं लावून बघणार? माणसाला राब नसतो गं, माधवी."

मी त्यांचा हात धरला. एरवी आमच्यात असं काही नव्हतं, पण धरला.

ऑपरेशन नीट झालं. आम्ही दवाखान्यात गेलो तेव्हा मी आधी न ओळखताच त्यांच्यासमोरून पुढे गेले आणि संदेशने मला मागे ओढलं. एका बाजूने चेहरा आत गेला होता, ओठ ओढलेला, आणि त्या शिवलेल्या कातडीवर पुन्हा केस येणार नव्हते. बोलणं समजायला कान द्यावा लागे. डोळे तेवढे नानांचे होते.

घरी आणलं त्या दिवशीचं महेशने सांगितलं. काकी दारात आल्या. ह्या माणसाकडे बघून त्यांनी पदर सारखा केला आणि नीट, अदबीने म्हणाल्या, "कोन पायजे तुमाला? ते कामावर गेलेत. सांच्याला येतील." महेश समजावायला गेला, तशा त्या घाबरल्या. दुसऱ्या दिवशी त्याने लग्नाचा फोटो आणून दाखवला. काकी फोटोकडे बघत, मग ह्या चेहऱ्याकडे, परत फोटोकडे, आणि त्यांना घाम फुटला, ओरडायला लागल्या की ह्या माणसाने त्यांच्या नवऱ्याचं काय केलं. नानांनी महेशच्या हातातून फोटो काढून घेतला. मानेने नाही म्हणाले. आणि बाहेर पडवीत येऊन, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले.

ते तिथेच राहिले. काकींना सांगितलं गेलं की हे नानांच्या ऑफिसातले, आजारी आहेत, घरी कुणी नाही, म्हणून कंपनीने थोडे दिवस इथे ठेवलंय. आणि नानांची सध्या रात्रपाळी आहे. काकींना ते पटलं. आतल्या खोलीत नानांची आरामखुर्ची होती, तिच्यावर त्या कुणाला बसू देत नसत, ह्या पाहुण्यालाही नाही. ते येतील ना, म्हणायच्या. महेशची बायको रेश्मा तोपर्यंत पोशीरला राहायला आली होती. स्वयंपाक ती करायची, पण डबा काकीच भरायच्या. हे त्यांच्या हातांनी कधीच सोडलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात नाना गेले. पण माझ्या मनात त्यांचं जे शेवटचं दर्शन आहे ते त्याआधीचं, उन्हाळ्यातल्या एका सकाळचं. मी आणि संदेश भेटायला गेलो होतो. नाना पडवीत खुर्चीवर, अंगात इस्त्रीचा शर्ट, पाहुण्यासारखे आखडून बसलेले. आम्हाला बघून डोळ्यांनी हसले. संदेशने सांगितलं की आता चालूचं कुलूप त्याच्याकडे आहे आणि तो ते काढत नाही. नानांनी त्याच्या गुडघ्यावर थोपटलं.

तेवढ्यात काकी आतून आल्या. हातात चेपलेला स्टीलचा डबा. पाहुण्यापासून दोन हातांवर थांबल्या. आवाजात थोडी लाज होती, परक्या पुरुषाशी बोलताना असते तशी.

"तुमी तिकडंच जाताय ना? तेवढा डबा त्यांना द्याल? रात्रपाळीनं खानं होत नाय त्यांचं. जेवतात ना ते?"

नानांनी उठून डबा दोन्ही हातांनी घेतला. सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "जेवतात. एक शीत ठेवत नाय."

काकींचा चेहरा उजळला. असा उजळला की मला ते सोसवेना. ही बाई ज्याची वाट बघतेय तो हा समोर उभा आहे, आणि तिला ते सांगणारं कुणी नाही. मी पुढे झाले. काकी, मी म्हणाले, अहो काकी. नानांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा अंगठा वरच्या ओठापर्यंत गेला, तिथे काही नव्हतं, तो खाली आला.

काकी आत गेल्यावर ते म्हणाले, "राहू दे गं. ओळ चुकीची हाय. पण भरतेय ते खरं हाय."

संदेश तोंड फिरवून अंगणात जाऊन उभा राहिला.

मग नानांनी चपला घातल्या. रोजचंच होतं ते. फाटकातून बाहेर पडायचं, रस्त्याने थोडं जायचं, आणि घर दिसेनासं झालं की बांधावर बसून डबा उघडायचा. संध्याकाळी धुतलेला रिकामा डबा परत आणून द्यायचा. आम्ही त्यांच्याबरोबर बांधापर्यंत चाललो. डब्यात भात होता, आमटी, आणि लोणच्याची फोड. त्यांना आता चावता येत नव्हतं. आमटी भातावर ओतून ते बोटांनी कुस्करायला लागले, फार वेळ कुस्करत राहिले, मग एकेक घास एका गालात ठेवून गिळायला लागले. प्रत्येक घासाला डोळे मिटत. मी म्हटलं, नाना, थोडं राहिलं तरी चालेल. त्यांनी मान हलवली.

आम्हाला निघायचं होतं. पाया पडलो, त्यांनी डावा हात आमच्या डोक्यावर ठेवला, उजवा भरलेला होता. संदेशने गाडी वळवली. शेतं उन्हात कोरडी पडली होती, एका कोपऱ्यात कुणीतरी भाजलेल्या राबाचा काळा चौकोन होता, आणि त्याच्या अलीकडे बांधावर नाना बसले होते. डबा डोळ्यांजवळ नेऊन, तळाला चिकटलेलं शेवटचं शीत ते बोटाने काढत होते.